नाव वाचून दाखवा

पहिली थप्पड लायनक्सला पडली.

"लिनक्स," आबा म्हणाले. "लि. नक्स. परत म्हण."

"लिनक्स."

"दहा वेळा."

मी दहा वेळा म्हटलं. मे महिन्यातले दुपारचे चार. बडोद्यात पाणीगेटच्या आमच्या दोन खोल्यांत पंखा नुसता गरम हवा फिरवत होता. आबा सकाळची पाळी करून आलेले. खाकी शर्ट खुंटीवर, अंगात गंजीफ्रॉक, मांडीवर नावांची चोपडी. समोर मी मांडी घालून बसलेली. बावीस वर्षांची घोडी, बी.एस्सी. फर्स्ट क्लास, वर वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्स.

दुसरी थप्पड जी-एन-यूला पडली.

"ग्नू! सुटी अक्षरं नाही म्हणायची. 'न्यू'पण नाही. ग आणि न जोडून. अग्नी म्हणता येतं ना तुला? त्यातला ग्न. मग इथे काय जीभ झडली?"

"ग्नू," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी आलं होतं, पण ते थपडेचं होतं. रडायचं मी तेराव्या वर्षीच सोडलं होतं.

आबा म्हणजे उदयसिंहराव शितोळे. त्यांचे पणजोबा गायकवाड सरकारच्या पागेत, आजोबा सरकारी फौजेत, वडील पोलिसात आणि आबा एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर वॉचमन. तलवार, बंदूक, काठी आणि शेवटी दंडुका, अशी आमच्या घराण्याची उतरती कमान. मधली काही वर्षं ते मिलमध्ये होते. ती मिल त्र्याण्णव साली बंद पडली आणि तेव्हापासून आबांच्या हाताला घरात जास्त काम मिळू लागलं.

वॉचमनला ही नावं कशी यायची, ते सांगते. कंपनीत अमेरिकेतल्या लोकांचे कॉम्प्युटर बडोद्यात बसून सांभाळायचं काम चाले. सगळी सॉफ्टवेअरं फुकट मिळणारी, कुणीही उघडून आतलं बघावं अशी. जगभरातले लोक मिळून ती लिहितात आणि मनाला येईल ते नाव ठेवतात. एकाचं नाव प्राण्याचं, एकाचं आफ्रिकेतल्या भाषेतलं. आमच्या इंजिनियर मंडळींनी ती नावं फक्त पडद्यावर वाचलेली. त्यामुळे दर शनिवारी गेटजवळच्या कट्ट्यावर चहा पिताना भांडण. एक म्हणे लायनक्स, दुसरा लिनक्स, तिसरा लीनुक्स. प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत जायचं. मग कुणीतरी थेट ते सॉफ्टवेअर करणाऱ्यांनाच ई-मेल करून विचारी, आणि उत्तर आलं की हरलेला सगळ्यांना चहा पाजी.

आबा बाजूलाच खुर्ची टाकून बसलेले असत. इंग्रजी त्यांना सहीपुरतं येई, पण कान पक्का. ठरलेला उच्चार ते गेटच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर देवनागरीत उतरवून ठेवू लागले. इंग्रजीत लिहिलं की भांडण पुन्हा सुरू, देवनागरीत लिहिलं की मिटलं. पुढे त्याची वेगळी चोपडी झाली. अमेरिकेला फोन लावायच्या आधी टाय लावलेली पोरं गेटवर येऊन विचारायची, "काका, वो पोस्टवाला कैसे बोलते हैं?" आबा पान उलटून सांगायचे, "पोस्टग्रेस. आगे क्यू-एल बोलना हो तो बोलो, नहीं तो छोड दो."

"ज्याचं नाव, तो म्हणेल तसं म्हणायचं," हा आबांचा नियम. "आपली अक्कल लावायची नाही."

गेटवरही हाच नियम. नवा माणूस आला की नाव विचारायचं, रजिस्टरात लिहायचं, मोठ्याने वाचून दाखवायचं. त्याने मान हलवली की मगच आत सोडायचं. एकदा एका बड्या पाहुण्याने गाडीतून उतरून "मला ओळखत नाहीस?" म्हणत आबांच्या कानाखाली जाळ काढला. टोपी मातीत पडली. आबांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "नाम, साहेब?" पाहुण्याला नाव सांगावंच लागलं. आबांनी ते लिहून मोठ्याने वाचून दाखवलं. हे मला त्यांच्याबरोबरचे वॉचमन विश्रामकाका यांनी सांगितलं. "बेन, तारा बापा एटले वाघ," ते गुजरातीत म्हणाले.

त्याच संध्याकाळी वाघ घरी आला तेव्हा काय झालं, ते विश्रामकाकांना माहीत नव्हतं. आमटीत मीठ कमी होतं. आईचा डावा हात मनगटात मोडला. डॉक्टरांना तिने मोरीत पाय घसरला म्हणून सांगितलं. हात वाकडाच बसला, आणि तेव्हापासून ती पोळ्या वाकड्या हातानेच लाटते.

माझ्या आईचं नाव मंदाकिनी. फार सुंदर नाव आहे असं मला वाटतं, पण ते घरात कुणी वापरत नसे. मी आई म्हणायची आणि आबा "ए" म्हणायचे. प्रसन्न असले तर "अगं ए". नवऱ्याने बायकोचं नाव घेऊ नये असं काही आमच्यात नाही. शेजारचे प्रतापराव आपल्या बायकोला "राजेश्वरीऽ" करून चाळभर ऐकू जाईल अशी हाक मारत. आबांनी माझ्या बावीस वर्षांत एकदाही आईचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही.

कंपनीत एक जागा निघाली तेव्हा आबांनी साहेबांच्या हातापाया पडून माझा अर्ज आत सरकवला. "माझ्या गेटमधून माझी पोरगी आत जाईल," ते चाळीत सांगत सुटले. "मी सलाम ठोकीन तिला. कडक." मला ती नोकरी निराळ्या कारणासाठी हवी होती. पाणीगेटपासून लांब, हरणीच्या बाजूला एक खोली घ्यायची आणि आईला घेऊन तिथे राहायचं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही, कारण ती नको म्हणाली असती.

मुलाखतीला नऊ दिवस होते. नऊ दिवस आबा मला शिकवत होते. कोर्सला आमचे सर सगळी नावं चुकीची म्हणत, हे मला तेव्हा कळलं. युबंटूची थप्पड पडली आणि तोंड गोल करून उबुंटू म्हणायला मी शिकले. अपाचेची पडली आणि अपॅची आलं. गालावर बोटं उठत. मी पावडर लावून क्लासला जाई. पण एक कबूल करायला हवं, आणि ते करताना आजही माझे दात दुखतात. आबा शिकवत ते उत्तम. जीभ कुठे टेकवायची, श्वास कुठे सोडायचा, जोर कुठल्या अक्षरावर, सगळं करून दाखवायचे. एखादं नाव मला नीट आलं की त्यांचा चेहरा असा काही उजळे, की वाटे हाच माणूस रोज असता तर!

मुलाखतीच्या दिवशी सकाळी नऊला शेवटची उजळणी होती. अकराला पोहोचायचं होतं. मी पांढरा नवा ड्रेस घालून तयार होते. आई त्याच खोलीत गॅससमोर बसून पोळ्या करत होती.

"पुढचं," आबांनी पान उलटलं. "डी, ई, बी—"

"डेबियन."

"शाब्बास. कुठून आलं हे नाव? विचारतील कधीतरी."

"ज्याने सुरू केलं त्याचं नाव इयन. त्याच्या मैत्रिणीचं डेब. पुढे त्यांचं लग्न झालं. दोन्ही नावं जोडून डेबियन."

"तिचं आधी, त्याचं मागून," आबा नाकातून हसले. "गोऱ्यांचं काय सांगावं. बायकोच्या मागे चालणारे साले."

आणि आई हसली.

ती हसली हेच मला आधी कळलं नाही. मी आवाज शोधत मागे वळले तर ती पोळी उलटत होती आणि हसत होती.

"आमच्यात असतं तर मंदाउदय झालं असतं," ती म्हणाली. "ऐकायला वाईट नाही लागत."

एवढंच. ती चेष्टा करत नव्हती. मला वाटतं, तिला ते खरंच गोड वाटलं होतं.

दंडुका दाराच्या मागे टेकवलेला असे. आबांना तिथवर जायला तीन पावलं लागली. त्या तीन पावलांत ते थांबू शकले असते. नुसत्या हाताने मारलं असतं तर म्हटलं असतं, सवयीने हात गेला. पण ते उठले, चालत गेले, दंडुका घेतला आणि परत आले.

"हसतेस? ए, वर तोंड करून हसतेस? बायको पुढे आणि मी मागे?"

पहिला खांद्यावर बसला. आई ओरडली नाही. तिने गॅस बंद केला. पोळी जळू नये म्हणून. दुसरा डोक्यावर बसला आणि ती बाजूच्या परातीवर कोसळली. तवा घरंगळून तिच्या पोटरीवर पडला. कणकेत रक्त सांडलं आणि कणीक ते पिऊ लागली.

"आबा, सोडा तिला!"

त्यांनी माझ्याकडे न बघताच डाव्या हाताने उलटी थप्पड मारली. ती सरळ कानावर बसली. डाव्या कानात शिट्टी सुरू झाली आणि बाकी सगळे आवाज लांब गेले. तिसऱ्यांदा दंडुका वर गेला तेव्हा मी तो दोन्ही हातांनी धरला. आबांना हे अपेक्षित नव्हतं. नऊ दिवस गाल पुढे करून बसलेली पोरगी मधे येईल असं त्यांच्या डोक्यात कुठून येणार? त्यांची पकड सुटली, आणि दंडुका माझ्या हातात आला.

मी त्यांच्या उजव्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मला उजव्या कानाने स्वच्छ ऐकू आला. आबा भिंतीला टेकून खाली बसले आणि हात पोटाशी धरला. तिथेच सगळं संपलं होतं. दुसऱ्या फटक्याची काही गरज नव्हती. तरी मी तो मारला, त्याच मनगटावर, जोर लावून. शितोळ्यांचं रक्त माझ्यातही आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते मला आवडलेलं नाही.

आबा आपल्याच मुलीकडे असे बघत होते, जणू मी रजिस्टरात नाव न लिहिता आत शिरले होते.

राजेश्वरीकाकू आवाज ऐकून धावत आल्या. आम्ही दोघींनी आईला रिक्षात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. आठ टाके पडले. डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं आणि आई सवयीने म्हणाली, "मोरीत—"

"नवऱ्याने मारलं," मी म्हटलं. "दंडुक्याने. लिहा."

आईने माझ्याकडे पाहिलं, पण पुढे मोरीचं नाव काढलं नाही. टाके घालून झाल्यावर तिने विचारलं, "किती वाजले?"

"साडेदहा."

"मग जा की."

"आई, वेड लागलंय का तुला?"

"टाके मला पडलेत. तू इथे बसून काय करणार? राजेश्वरी आहे. जा, मोना. मी कुठे पळून जात नाही."

ते शेवटचं वाक्य ऐकून मला तेराव्या वर्षानंतर पहिल्यांदा रडू आलं, कारण पळून जाण्याचाच तर माझा सगळा बेत होता. मी तिथेच, टाक्यांच्या खाटेशी, तिला हरणीच्या खोलीचं सांगून टाकलं. ती नको म्हणाली नाही. म्हणाली, "आधी नोकरी तर लागू दे."

गेटवर विश्रामकाका होते. माझ्या ओढणीवरचं रक्त बघून ते खुर्चीवरून उठले.

"बेन, आ शुं थयुं? उदयसिंहभाई क्यां?"

"घरी आहेत. हाताला लागलंय. काका, उशीर होतोय मला."

मुलाखतीला येणाऱ्यांची यादी आधीच छापून आली होती, त्यामुळे नाव विचारायचं कारण नव्हतं. त्यांनी यादीवर खूण केली आणि पाण्याची बाटली पुढे केली. मी ओढणीची घडी उलटी करून रक्त आत घेतलं आणि वर गेले.

मुलाखत घेणारे अनीशसर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. कामाचे प्रश्न झाले. ते मला येत होते. मग त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. "ही नावं वाचा. आमचे कस्टमर अर्धे तर नाव चुकलं की फोन ठेवून देतात. म्हणतात, ज्याला नाव येत नाही तो दुरुस्त काय करणार."

मी वाचलं. लिनक्स, ग्नू, अपॅची, उबुंटू, पोस्टग्रेस. प्रत्येक नावाला त्याची थप्पड आठवत होती. डेबियनपाशी मी अडखळले. तोंड उघडलं आणि मला कणीक दिसली.

"पाणी हवं?"

"नको. डेबियन," मी म्हटलं.

"एकही चूक नाही. कुठे शिकलात?"

"गेटवर."

अनीशसर मोठ्याने हसले. "काकांकडे? मग बरोबर आहे. आम्ही सगळे तिथेच शिकलो." त्यांनी मला अमेरिकेतल्या रात्रपाळीच्या एका बाईंशी फोनवर बोलायला लावलं. मी रिसीव्हर डाव्या कानाला लावला, त्यात शिट्टीशिवाय काही नव्हतं, म्हणून उजव्याला घेतला. तो कान आजही मला पुरतो.

चार दिवसांनी नोकरीचं पत्र आलं. डोक्याचा मार म्हणून आईला डॉक्टरांनी ठेवून घेतलं होतं, मीही तिच्यापाशीच होते; दवाखान्यातून ती पाणीगेटला परत गेलीच नाही. राजेश्वरीकाकूंच्या ओळखीने हरणीला एका सोसायटीत मागची खोली मिळाली. सामान म्हणजे दोन पिशव्या. आबांनी निरोप पाठवला नाही, की ते दारात येऊन ओरडले नाहीत. प्रतापराव त्यांना हाडवैद्याकडे घेऊन गेले होते, तिथून प्लास्टर घालायला दवाखान्यात. एवढंच आम्हाला समजलं.

कामाचा पहिला दिवस. मी बसमधून उतरून गेटपाशी आले तेव्हा आबा खुर्चीवर बसलेले होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या पट्टीत. शर्टाला इस्त्री त्यांनी कशी केली असेल कुणास ठाऊक. टोपी मात्र नीट होती. नव्या माणसाकडे पहिल्या दिवशी कार्ड नसतं. रजिस्टरात नाव लिहूनच आत सोडतात.

विश्रामकाका एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे बघत होते. "लावो, उदयसिंहभाई, हुं लखी दउं," म्हणत त्यांनी पेनाला हात घातला.

"राहू दे," आबा म्हणाले. त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं. "नाव?"

"मोहना."

ते लिहू लागले. डाव्या हाताने अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी निघत होती, एकेक करत. माझ्यामागे दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. मोहना लिहून झालं. पुढचं नाव त्यांनी विचारलं नाही. ते कशाला विचारायचं? त्यांनी 'उ' काढायला घेतलासुद्धा.

"मंदाकिनी," मी म्हटलं.

पेन थांबलं.

"मधलं नाव," मी म्हटलं. "मंदाकिनी."

कागदोपत्री मी तेव्हा उदयसिंहरावच होते. ते बदलून घ्यायला पुढे दोन वर्षं आणि पुष्कळ चपला झिजल्या. पण गेटच्या रजिस्टरला कागद लागत नाहीत. तिथे माणूस सांगतो ते नाव. आबांच्या कपाळावरची शीर उठली. ती शीर मी लहानपणापासून ओळखते. माझा हात आपोआप कानाकडे गेला आणि मी तो मुद्दाम खाली आणला. मागच्याने हॉर्न वाजवला. दंडुका खुर्चीला टेकवलेला होता, डाव्या हाताच्या अगदी जवळ.

आबांनी अर्ध्या 'उ'वर एक आडवी रेघ मारली. रजिस्टरात गिरवायचं नसतं, खोडून पुढे लिहायचं असतं. मग त्यांनी लिहिलं. मं. दा. कि. नी. वेलांटी पहिली की दुसरी यासाठी ते थांबले नाहीत, म्हणजे त्यांना ठाऊक होती. पुढे शितोळे लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि गेटकडे हात नेला.

"वाचून दाखवा," मी म्हटलं.

विश्रामकाका दुसरीकडे बघू लागले. आबा खुर्चीवरून उठले. डाव्या हाताने टोपी सारखी केली. रजिस्टर हातात घेतलं.

"मोहना मंदाकिनी शितोळे."

एकेक अक्षर स्वच्छ, जोर जिथे हवा तिथे.

मी मान हलवली. त्यांनी गेट उघडलं. मी आत जाताना त्यांचा प्लास्टरमधला हात पट्टीत जरासा हलला आणि तिथेच राहिला. सलाम डाव्या हाताने करत नाहीत. आबा नुसते ताठ उभे राहिले, आणि मी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी हरणीला पोहोचले तेव्हा आई पोळ्या करत होती. टाके निघाले होते. तिथले केस अजून आले नव्हते.

"भेटले का?" तिने विचारलं.

"गेटवर होते. नाव लिहून घेतलं. तुझं नाव सांगितलं मी मधे. त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं."

आईचं लाटणं थांबलं.

"काय वाचलं?"

"मंदाकिनी."

तिने पोळपाटावरचं पीठ झटकलं.

"बरोबर म्हणाले?"

"बरोबर म्हणाले."

"बरं," आई म्हणाली, आणि तिने वाकड्या हाताने पोळी उचलून तव्यावर टाकली.